पुस्तक फाटण्याचे पैसे

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी बाईंचा फोन. "ताई, ग्रंथालयाचे पैसे आलेत. पाच हजार. एकतीस तारखेच्या आत बिल लावायचंय."

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली आमची सरकारी प्राथमिक शाळा. नाव सांगत नाही, उगाच बाईंना कागद येईल. पटावर अठ्ठावीस मुलं, वर्ग चार, बाई दोन. मी पालक-शिक्षक संघाची खजिनदार. म्हणजे शाळेत काही अडलं की जिला फोन जातो ती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी फोंड्याला. दुकानदाराने तोंड बघूनच ओळखलं. "शाळेची खरेदी ना? गठ्ठा तयार आहे." गठ्ठ्यात थोर पुरुषांची चरित्रं, सामान्य ज्ञान, निबंध, आणि एकाच बोधकथासंग्रहाच्या सहा प्रती. सहा! आम्ही हट्टाने चित्रांची पुस्तकं मागितली. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ, स्वस्त, छान पुस्तकं असतात, ती आहेत का विचारलं. मागच्या खोलीत शोधाशोध करून सगळी मिळून सतरा निघाली. बाकीची रक्कम नाइलाजाने गठ्ठ्यावर गेली, कारण तारीख एकतीसच्या जवळ आणि परत फोंड्याला कोण येणार?

पैसे कमी म्हणून शाळेत ग्रंथालय नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. समग्र शिक्षा योजना २०१८ ला सुरू झाली, तिच्यात सरकारी शाळेला वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान आहे. प्राथमिकला पाच हजार, पहिली ते बारावी एकत्र असेल तर वीस. गोव्यासाठी यातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० राज्याचा. मोठ्या शाळेला ही रक्कम काहीच नाही, मान्य. पण पुस्तक शंभर रुपयांना धरलं तरी आमच्या अठ्ठावीस मुलांना वर्षाला पन्नास पुस्तकं येतात. पाच वर्षांत अडीचशे. एवढी पुस्तकं आमच्या लहानपणी अख्ख्या वाड्यात नव्हती.

मग ती आहेत कुठे? कपाटात.

ते कपाट एकदा जवळून बघा. बाईंच्या खुर्चीमागे, राखाडी, लोखंडी, पुढे भारताच्या नकाशाची गुंडाळी टेकवलेली. किल्ली पोषण आहाराच्या सामानाच्या जुडग्यात. जूनमध्ये उघडलं तर आधी वास आला. वाळपईकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. वरच्या खणातली पुस्तकं एकमेकांना चिकटलेली, वेष्टनांवर पांढरी बुरशी, शिवणीतला डिंक कसरीने खाल्लेला. एका पुस्तकात दुकानाचं बिल तसंच घडी घालून होतं. पानं कोरी करकरीत. दहा वर्षांत त्यावर एका पोराचं बोट उमटलेलं नाही, आणि तरी पुस्तक गेलंच.

मी बाईंवर चिडले. बोलले सुद्धा, नको तेवढं. त्यांनी काही न बोलता जडसंग्रह नोंदवही, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची यादी, काढून पुढ्यात ठेवली. आधीच्या शाळेतून बदली झाली तेव्हा चार्ज देताना सात पुस्तकं कमी भरली. रक्कम त्यांनी खिशातून भरली, वर लेखी खुलासा. "पुस्तक पोराच्या हातात गेलं की ते माझ्या पगारात गेलं, ताई."

यावर काय बोलणार? मीही कुलूपच लावलं असतं.

खरी गोम इथे आहे. पैसे पुस्तक विकत घेण्यासाठी येतात, वापरण्यासाठी येत नाहीत. फळा, बाक, घंटा यांच्या रांगेतच पुस्तकाला बसवलंय. बाक वीस वर्षांनी मोजला तरी बाकच असतो. पहिलीच्या पोराने तीन महिने वाचलेलं पुस्तक मोजायला गेलात तर पाऊणच भरेल, आणि तसंच भरायला हवं.

गंमत म्हणजे दिल्लीतल्या नियमवाल्यांना हे कळलेलं आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम २१५ आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी धरावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. चौकशी करायचीच ती दुर्मीळ किंवा १,००० रुपयांवरच्या पुस्तकाची. नियम केंद्राच्या कार्यालयांचा. आमच्या शाळेच्या नोंदवहीपर्यंत त्याचा वारासुद्धा आलेला नाही. आणि हजाराला पाच हा हिशोब मोठ्या माणसांचा. सहा वर्षांचं पोर पुस्तक डब्यासोबत दप्तरात कोंबतं, वहाळ ओलांडून घरी नेतं. त्याला शंभरात दहा तरी माफ हवीत.

माझं मागणं एवढंच. अनुदानाच्या पत्रात एक ओळ घाला: दहा टक्के पुस्तकं फाटणार, हरवणार, ती बाईंच्या नावावर नाहीत. आणि पैसे मार्चमध्ये नको, जूनमध्ये द्या, म्हणजे गठ्ठा उचलावा लागणार नाही.

पणजीचं ग्रंथालय १८३२ चं, हे आपण पाहुण्यांना किती कौतुकाने सांगतो! त्याची, म्हणजे कृष्णदास शामा ग्रंथालयाची, पणजीत पाटोवरची इमारत खरंच देखणी आहे, मुलांचा विभागही आहे. पण आमच्या गावच्या पोराला ग्रंथालय म्हणजे ते राखाडी कपाट. घरी कोंकणी, दोघातिघांच्या घरी कन्नड. मराठी भेटते ती पाठ्यपुस्तकात, म्हणजे परीक्षेच्या भीतीसकट. (कोणी सुचवायच्या आत सांगते, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी-कोंकणी गोष्टी फुकट आहेत, आम्ही बघितल्या. रंगीत छापायला गेलो तर पुस्तकापेक्षा महाग.)

तोवर आम्ही एक जुगाड केलं. संघाने बाईंना लेखी दिलं की यंदा पुस्तक हरवलं तर संघ भरेल. पत्र नोंदवहीला टाचलं, किल्ली खिळ्याला टांगली, व्हरांड्यात दोरी बांधून पुस्तकं तिच्यावर वाळत घातल्यासारखी लावली. गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंतचा हिशोब: तीन फाटली, एक हरवलं, एक शेजारच्या वासराने खाल्लं. बोधकथांच्या सहाही प्रती जशाच्या तशा. त्यांना वासरानेही तोंड लावलं नाही.

तिसरीतला एक पोर आहे. दर शुक्रवारी तेच पुस्तक घेऊन उभा. "बाई, हें पुस्तक घरा व्हरूं?" बाई म्हणाल्या, अरे, चार वेळा नेलंस. तर म्हणे आजीला ऐकायचंय. पाचव्यांदा परत आलं तेव्हा नवव्या पानावर कोकमाच्या सोलांचा लालभडक डाग. बाईंनी नोंदवहीत लिहिलं, "पान ९ डाग. पुस्तक चालू." खाली सही, तारीख.

आता एक काम. अनुदानातून चिकटपट्टी घेता येत नाही असं आम्हाला सांगण्यात आलंय, कारण ती पुस्तक नव्हे. या आठवड्यात म्हापशाहून किंवा फोंड्याहून वाळपईला येणारं कोणी असेल तर रुंद पारदर्शक पट्टीचे चार रोल आणाल का? पैसे मी देते, बिल नको.