टचस्क्रीनचे श्रेय नेमके कोणाचे?

टचस्क्रीनचा शोध ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी २००७ साली लावला, त्याआधीचे सगळे पडदे स्टायलसने म्हणजे पेनासारख्या काडीने टोचावे लागत, आणि दोन बोटांनी चित्र मोठे करण्याची युक्तीही त्यांचीच, असा एक मजकूर गेली काही वर्षे मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

शोधाचे साल पाहायचे तर ४२ वर्षे मागे जावे लागते. इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधले ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’ या नियतकालिकात बोटाने चालणाऱ्या पडद्याविषयी टिपण प्रसिद्ध केले आणि १९६७ मध्ये तोच विषय सविस्तर मांडला. विमान वाहतूक नियंत्रकाने कळफलक बडवत बसण्याऐवजी पडद्यावर दिसणाऱ्या पर्यायालाच बोट लावावे, ही त्यांची कल्पना होती. चित्रनळीच्या दर्शनी भागावर बसवलेल्या तारेला बोट लागले की तिची विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलत असे आणि स्पर्श कुठे झाला ते संगणकाला कळत असे. आपल्या फोनची काचही धारकतेतला बदलच ओळखते. पावसाच्या थेंबांनी ती गोंधळते, ती त्यामुळेच.

हा मजकूर खोडून काढताना काही जण अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ सॅम हर्स्ट यांना पहिला मान देतात. तेही बरोबर नाही. केंटकी विद्यापीठात असताना आलेखांवरील नोंदी लवकर वाचता याव्यात म्हणून त्यांनी १९७०च्या सुमारास जो ‘इलोग्राफ’ नावाचा स्पर्श ओळखणारा फलक बनवला, तो पारदर्शक नव्हता. म्हणजे तो पडदा नव्हताच. दाबाने चालणारे पारदर्शक पडदे पुढे त्यांच्या कंपनीने विकसित केले, आणि ते श्रेय मात्र निःसंशय त्यांचे आहे. अशा पडद्याचे दोन थर दाबाने एकमेकांना टेकावे लागतात, म्हणून तिथे नख, हातमोजा, पेन्सिलीचे टोक, काहीही चालते.

स्टायलसचे विधान नव्वदच्या दशकातील हातात मावणाऱ्या संगणकांच्या आठवणीतून आले असावे. पण इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो ४’ या शिक्षणप्रणालीतील विद्यार्थी १९७२ पासूनच पडद्याला बोट लावून उत्तरे देत होते. तिथे अवरक्त किरणांची १६ बाय १६ जाळी बोट ओळखत असे. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्प यांनी काचेवर तांब्याच्या अतिशय बारीक रेघा कोरून धारकतेवर चालणारी पारदर्शक टचस्क्रीन तयार केली, आणि १९७६ साली सुरू झालेल्या तिथल्या महाकाय कणत्वरकाच्या (अणूंतील कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रण कक्षात ती वापरात आली. एकेका उपकरणासाठी स्वतंत्र बटण ठेवायचे, तर त्या कक्षाच्या भिंतीही पुरल्या नसत्या.

दोन बोटांचे काय? जानेवारी २००७ मध्ये आयफोन सादर करताना जॉब्ज यांनी व्यासपीठावरून मल्टिटच, म्हणजे एकाच वेळी अनेक बोटांचा स्पर्श ओळखणे, हा आपलाच शोध असल्याचे सांगितले खरे. परंतु टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ सालीच एकाहून अधिक स्पर्श एकाच वेळी ओळखणारी यंत्रणा उभी केली होती, आणि बोटांच्या खुणा ओळखणारी उपकरणे विकणारी ‘फिंगरवर्क्स’ ही कंपनी ॲपलने २००५ मध्ये विकत घेतली होती. जी कंपनी पैसे मोजून घेतली, तिच्या कामाला आपला शोध म्हणणे जरा जास्तच झाले.

फोनवरची पहिली टचस्क्रीनही ॲपलची नव्हे, कारण आयबीएम या संगणक कंपनीचा ‘सायमन’ हा टचस्क्रीनचा फोन १९९४ सालीच बाजारात आला होता. ॲपलचे श्रेय वेगळ्या जागी आहे: बोटाच्या वेगाबरोबर सरकणारा, सोडल्यावर हळूहळू थांबणारा पडदा तिने सामान्य ग्राहकाच्या खिशात आणून ठेवला.