डाव्या डोळ्याचं ऑपरेशन

सोमवारी सकाळी आमच्या घरात चौघांनी मिठाने दात घासले. घरातली पेस्ट रविवारीच संपली होती. अर्धी गाडीच्या डाव्या हेडलाइटला लागली, उरलेली आप्पांच्या बनियनला. उजव्या हेडलाइटपर्यंत पोचलीच नाही, कारण तेवढ्यात आप्पांना चहाची हाक आली आणि ते गेले ते गेलेच.

आप्पा म्हणजे आमचे शेजारी. निवृत्त लेखापाल. स्वतःची चारचाकी कधी नव्हती. एक सायकल आहे, ती मात्र आरशासारखी. जळगावात मे महिन्यात गाडी धुवायची तर सकाळी सातच्या आत, सावलीत. बॉनेटला तळहात लावून बघायचा, गार असेल तरच पाणी टाकायचं. तापल्या पत्र्यावर शाम्पू धुवायच्या आधीच वाळतो आणि त्याचे डाग बसतात. म्हणून मी साडेसहालाच दोन बादल्या घेऊन उतरलो होतो. आप्पा त्याआधीच फाटकावर हजर.

"काय करून राह्यला रे भो?"

"गाडी धुतोय, आप्पा."

"दोन बादल्या? एवढं पानी? इथं नळ एक दिवसाआड येतो अन् तू दोन-दोन बादल्या मांडतो?"

मी समजावलं. एका दहा लिटरच्या बादलीत टोपणभर शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. एकच बादली घेतली तर गाडीची माती पुन्हा गाडीलाच घासली जाते. वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, खांद्यावरचा गमछा काढला आणि कोरड्या बॉनेटवर गरागरा फिरवला.

"पाह्य. झालं. थेंबभर पानी नै लागलं."

आमच्या गल्लीचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदून ठेवलाय. पाइप येऊन पडलेत, त्यांच्यावर शेळ्या बसतात, रस्ता काही बुजत नाही. त्या सगळ्या रस्त्याची धूळ माझ्या बॉनेटवर होती. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि कोरड्या फडक्याखाली ते पॉलिशपेपरचं काम करतात. दुपारच्या उन्हात बघितलं तर आता बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. आधी मगाने नुसतं पाणी ओतून माती भिजवायची, वाहू द्यायची, मग हात लावायचा, एवढंच करायचं असतं. पण गमछ्याला कोण सांगणार?

"आता हे पाह्य," आप्पा हेडलाइटपाशी वाकले. "हे तर पिवळं झालं. मोतीबिंदू. सूनबाई, पेस्ट आन वं!"

आणि सूनबाईंनी आणली! घरचा भेदी.

पेस्टने हेडलाइट चमकतो, हे खोटं नाही, आणि राग त्याचाच येतो. हेडलाइटची काच म्हणजे काच नसतेच, पॉलिकार्बोनेटचं प्लॅस्टिक असतं. कारखान्यात त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर देतात. आपल्याकडच्या उन्हात तो काही वर्षांत खलास होतो आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं पडतं. पेस्टमधली भुकटी तो पिवळेपणा घासून काढते, पण उरलासुरला थरही घेऊन जाते. उघडं पडलेलं प्लॅस्टिक मग आधीपेक्षा लवकर पिवळं होतं. युक्ती अर्धीच आहे, आणि आप्पांनी तीही अर्ध्याच गाडीवर केली.

"आप्पा, यावर नंतर थर द्यावा लागतो."

"कशाचा थर? दातावर देतो का तू थर?"

याला उत्तर नव्हतं. आप्पांनी त्या जोरावर आणखी तीन उपाय सांगितले. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी आली की कोला ओतायचा. (फेस येतो, बुरशी जाते, साखर उरते, आणि मग बॅटरीवर मुंग्यांची यात्रा भरते. त्यापेक्षा पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा. आधी काळी वायर सोडायची, मग लाल, लावताना उलट. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, की ठिणगी. शेवटी बोटभर व्हॅसलिन.) टायरला डिझेल चोळायचं. (दोन दिवस काळंभोर दिसतं, पण डिझेलने रबर फुगतं आणि पुढे त्याला चिरा पडतात.) बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर लिंबू पिळून ठेवून द्यायचं. इथे आंबटाची कल्पना बरोबर आहे, क्षार आंबटानेच सुटतात. पण 'ठेवून द्यायचं' नाही. व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, गार पत्र्यावर, मिनिटभर, की लगेच धुवायचं. ठेवून द्यायचं ते लोणचं.

केळीच्या चिकाचं मात्र आप्पांनी काही सांगितलं नाही, आणि आमची खरी दुखरी जागा तीच. रावेरहून दरवर्षी कोणीतरी प्रेमाने आख्खा घड मागच्या सीटवर टाकतं. चीक ओला असेतो पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो, आणि मग सीटकव्हर बदलणे हा एकच उपाय. खाली गोणपाट, त्यावर जुनी चादर, आणि दांड्याच्या कापलेल्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधायची. आम्हाला हे तिसऱ्या सीटकव्हरनंतर सुचलं.

सोमवारी पेट्रोल भरायला गेलो. पंपावरचा पोरगा गाडीपुढून एकदा गेला, परत आला.

"भाऊ, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी?"

संध्याकाळी पॉलिशपेपर आणला. हजार नंबरचा, दोन हजारचा, तीन हजारचा. हेडलाइटच्या कडेने मास्किंग टेप लावली, नाहीतर रंग खरवडतो. पेपर सतत ओला ठेवायचा, एक नंबर आडवा घासला तर पुढचा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे निघाले की नाही ते कळतं. मधे एकदा लाइट दुधासारखा पांढरा होतो आणि पोटात गोळा येतो. घाबरायचं नाही, रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या लेपाने, तो पारदर्शक होतो. मग स्पिरिटने पुसून, यूव्ही क्लिअर कोटचे, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या त्याच पारदर्शक थराचे, दोन पातळ हात. दोन्ही लाइटना मिळून अडीच तास आणि एक कंबर.

मंगळवारी दोन्ही डोळे लख्ख. बाहेर आलो तर फाटकाशी आप्पा, सोबत मागच्या गल्लीतले दोघे, आणि आप्पांचं बोट माझ्या उजव्या हेडलाइटवर.

"नुसती पेस्ट. दहा मिन्टं."

त्या दोघांच्या हातात ट्यूब होत्याच. एकाची निळी जेल होती. आप्पांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि परत केली.

"जेल नै चालत, भो. पांढरी लागते."

हे मात्र त्यांचं बरोबर होतं. पांढऱ्या पेस्टमध्ये बहुधा खडूची भुकटी असते, घासते ती तीच. मी तोंड उघडलं, आणि काहीच न बोलता बादली उचलून आत गेलो.