‘धातूत भेसळ आहे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

माल आठ दिवस उशिरा पोचला आणि एलईडीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या सहा हीट सिंकचे फिन (पातळ पाती) वाकलेले निघाले. चूक आमचीच, माफ करा. ते सहा नग बदलून देतोय.

पण एकच तारा देऊन खाली लिहिलंत, ‘सँपल गार राहायचं, यांचा माल तापतो, धातूत भेसळ आहे.’ उशीर झाला म्हणा, पॅकिंग वाईट म्हणा, ऐकून घेऊ. भेसळ हा शब्द मात्र लागला.

आपलं सँपल ६०६३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या एक्स्ट्रूजनमधून (साच्यातून दाबून काढलेल्या लांब पट्टीतून) कापलेलं. ऑर्डरवर आपणच ग्रेड लिहिलाय एडीसी१२, म्हणजे साच्यात दाबाने ओतायचा ॲल्युमिनियम मिश्रधातू. उष्णतावाहकता शुद्ध ॲल्युमिनियमची सुमारे २३५ वॉट प्रति मीटर-केल्विन, ६०६३ ची २०० च्या आसपास आणि एडीसी१२ ची जेमतेम ९६. म्हणजे निम्मीसुद्धा नाही, आणि ती तशीच असते. या ग्रेडमध्ये ९.६ ते १२ टक्के सिलिकॉन आणि १.५ ते ३.५ टक्के तांबं असावंच लागतं. सर्टिफिकेट खोक्यातच आहे, एकदा बघा.

फोनवर आपण विचारलंत, तांबं तर ॲल्युमिनियमपेक्षा चांगलं वाहक, मग ते घालून वाहकता घटते कशी? धातूत उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहून नेतात. ॲल्युमिनियमच्या जाळीत परका अणू विरघळून बसला की ते त्याच्यावर अडखळतात, मग तो तांब्याचा का असेना. मँगनीज, क्रोमियम तर अर्ध्या टक्क्याच्या आतही चांगलाच दणका देतात. लोखंड जवळजवळ विरघळत नाही, वेगळे कण धरून बसतं, म्हणून त्याचा त्रास त्यामानाने कमी. आणि ते फारच कमी केलं तर वितळलेला रस डायला (साच्याला) चिकटतो.

मग सिलिकॉन कमी का नाही केलं? आपल्या ड्रॉइंगमध्ये फिनचं टोक १.२ मिलिमीटर आहे. सिलिकॉन रसाला पातळ वाहतं ठेवतं आणि गोठताना आकसणं कमी करतं. तिथे ६०६३ ओतायला गेलं तर टोकं अर्धवट भरतील नि मुळाशी तडे जातील. टी६ (खूप तापवून झटकन थंड करायचं, मग पुन्हा हलकं तापवायचं) करा म्हणालात, तर दाबाने ओतलेल्या कास्टिंगमध्ये हवा अडकलेली असते. ५०० अंशांच्या आसपास ती फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात. २०० ते २५० अंशांवर काही तास ठेवलं, तर विरघळलेलं सिलिकॉन आणि तांबं कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि वाहकता थोडी सुधारते. तेवढं करता येतं, पण ते ऑर्डरमध्ये नव्हतं.

आणखी एक, राग मानू नका. सँपल काळं ॲनोडाइज केलेलं (वर ऑक्साइडचा थर चढवलेलं) होतं, आमचा माल ऑर्डरप्रमाणे कोरा. पंखा नसेल तर असा ॲनोडाइज केलेला पृष्ठभाग कोऱ्यापेक्षा प्रारणाने (रेडिएशनने) बरीच जास्त उष्णता टाकतो. शिवाय आपल्याच फोटोत थर्मल पेस्ट (एलईडी आणि हीट सिंकमधली फट भरणारा लेप) मधोमध रुपयाएवढी दिसते, चारही स्क्रूंच्या बाजूला धातू कोरडा. तिथे हवा राहिली की कुठलाही ग्रेड घ्या, एलईडी तापणारच.

सर्टिफिकेटवर वाहकतेचा आकडाही द्यायचा, असं आता ठरवतोय. पॅकिंगचंही बघतो. कमी सिलिकॉनचा ग्रेड हवा असेल तर फिन जाड करून डाय बदलावी लागेल, त्यावर सविस्तर बोलू. तारा एकच राहू द्या, सर. फक्त तो एक शब्द काढता आला तर बघा.