सेटिंगचे दोन तास नेमके जातात कुठे?

नमस्कार. लॉट (एका वेळी सलग काढायचा माल) लहान ठेवा, या माझ्या लेखावरचं तुमचं म्हणणं मला असं समजलं: प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर मोल्ड (साचा) बदलायला, म्हणजे सेटिंगला, दोन तास, दिवसात चारदा बदलला की अख्खी शिफ्ट पाण्यात, म्हणून मोठे लॉटच चालवावेत, लहान लॉटचं शास्त्र जपानात ठीक.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. जे मशीन तिन्ही शिफ्ट भरलेलं आहे, त्याचे दोन तास गेले ते गेलेच. तिथे लॉट मोठाच हवा. हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. पण ज्या मशीनला आठवड्यातून दीड दिवस कामच नसतं, तिथे लॉट वाढवून काय वाचतं? काळ्या कॅपने स्टोअर भरतं आणि ग्राहक करड्या कॅपसाठी फोन करत बसतो. मी हे वर्षभर केलंय, म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

आता ते दोन तास. मी एकदा घड्याळ घेऊन सेटरशेजारी, म्हणजे मोल्ड बदलणाऱ्या कामगाराशेजारी, उभा राहिलो. मोल्ड उतरवून नवा चढवायला 35 मिनिटं लागली. बाकी वेळ क्रेन मोकळी होण्याची वाट, पाण्याच्या होजचं कपलिंग बसेना म्हणून धावाधाव, आणि पहिल्या पीसच्या मंजुरीसाठी क्वालिटीवाल्याची शोधाशोध. नायलॉन तर ड्रायरमध्ये टाकलेलंच नव्हतं. ते सुकायलाच तीन-चार तास, ते या दोन तासांच्या वर. यातलं बहुतेक सगळं मशीन चालू असताना उरकता आलं असतं.

जपानचं म्हणाल तर तिथली सुरुवातही अशीच होती. 1950 साली हिरोशिमाला तोयो कोग्योच्या, म्हणजे आजच्या माझदाच्या, कारखान्यात उत्पादन पद्धतींचे जपानी अभ्यासक शिगेओ शिंगो प्रेसचा डाय (साचा) बदलताना बघत होते. एक बोल्ट सापडेना. कामगार तासाभराहून जास्त वेळ गायब, मशीन बंद. शेवटी त्याने शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट आणून कापून बसवला. मशीन थांबवून करायचं काम वेगळं आणि आधी उरकायचं वेगळं, हा भेद शिंगोंना तिथे दिसला. 1969 मध्ये टोयोटात 1000 टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग याच वाटेने आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं.

दुसरं, तुमच्या प्लॅनिंगच्या शीटमध्ये सेटिंगला सरसकट 120 मिनिटं धरली असतील, तर तिथेच प्लॅन चुकतो. पांढऱ्यावरून काळ्यावर जाताना पर्जिंग, म्हणजे बॅरलमधलं (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतलं) जुनं मटेरियल ढकलून काढणं, थोडक्यात होतं. उलट गेलात तर किलोमागून किलो मटेरियल ओतूनही काळे ठिपके येतच राहतात. म्हणून 'कशावरून कशावर' असा तक्ता करा, आणि आठवड्याचा क्रम नॅचरल (बिनरंगी), पांढरा, पिवळा, लाल, काळा असा लावा. पीव्हीसी आणि अ‍ॅसिटल ही दोन प्लास्टिकं मात्र कुठल्याही हिशेबात पाठोपाठ लावू नका. बॅरलमध्ये दोन्ही एकत्र आली तर विघटन होऊन विषारी वायू सुटतो. मध्ये पॉलिइथिलीन घालून बॅरल पूर्ण साफ करायचा.

पुढचा मोल्ड बदलताना मिनिटं टिपून इथे टाकाल का? त्यातली किती आधी उरकता येतील, ते एकेक ओळ घेऊन बघू.