‘ऊन फुकट, नफा पक्का’: मावशीपर्यंत पोचलेल्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री मावशीचा फोन आला. "अरे, अठरा तारखेला माझी एफडी संपतेय. बँकेत सांगून ठेवू का, पुन्हा ठेवू नका म्हणून?" मी कारण विचारलं. "तो सोलरच्या शेअरचा मेसेज आलाय ना! आमच्या ग्रुपवर तिघींनी टाकला. तूही घेतले असशीलच."

मी घेतलेले नाहीत. तो मेसेज मात्र त्या आठवड्यात मलाही दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा मी न वाचता पुढे सरकलो होतो. मावशीची निवृत्तीची रक्कम त्याच्या भरवशावर हलणार म्हटल्यावर नीट वाचला. मजकूर थोडक्यात असा: ऊन आणि वारा फुकट आहेत, त्यामुळे या कंपन्यांची सगळी कमाई म्हणजे नफाच. सरकारने पंचवीस वर्षांचे करार केलेत, म्हणून हे एफडीपेक्षा सुरक्षित. २०३० पर्यंत देशात ५०० गीगावॉट (म्हणजे पाच लाख मेगावॉट) वीजक्षमता होणार, तेव्हा शेअर दहापट होणारच. इरेडाचा शेअर ३२ चा ३१० झाला. सुझलॉन एके काळी साडेचारशेला होता, आज पन्नाशीच्या आसपास मिळतोय, पुन्हा तिथेच जाणार. आत्ता घेतला नाही तर ही संधी परत नाही.

सुझलॉनपासून सुरुवात करतो, कारण मावशी पैसे तिथेच घालणार होती. शिवाय मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्यही तेच आहे.

पहिलं म्हणजे सुझलॉन पवनचक्क्या बनवते, उभारते आणि त्यांची देखभाल करते. वीज विकणं हा तिचा मुख्य धंदा नाही. ‘वारा फुकट, पंचवीस वर्षांचा करार’ हे जे वर लिहिलंय ते तिला लागूच होत नाही. ते बाजूला ठेवू. २००८ च्या जानेवारीत हा शेअर साडेचारशेच्या घरात होता हे खरं. पण तेव्हा कंपनीचे शेअर होते किती? सुमारे १५० कोटी. आज आहेत १,३६० कोटींच्या वर. जवळपास नऊपट.

हा एक आकडा लक्षात ठेवला तर बाकी गणित शाळेतलं आहे. १५० कोटी शेअर गुणिले ४५० रुपये म्हणजे ६७,५०० कोटी. एवढी त्या वेळी अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत होती. आता ६७,५०० कोटींना १,३६० कोटी शेअरांनी भागा. उत्तर येतं ५० रुपयांच्या जरा आत. म्हणजे मेसेज ज्याला ‘पडलेला भाव’ म्हणतोय, त्या भावाला कंपनी २००८ च्या शिखराइतकीच महाग आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये शेअर ऐंशीच्या वर गेला, तेव्हा तर तिने ते शिखर मागे टाकलं होतं. साडेचारशेचा भाव परत यायचा असेल तर कंपनीची किंमत सहा लाख कोटींच्या पुढे जायला हवी. ‘पुन्हा तिथेच जाणार’ असं लिहिणाऱ्याने एवढा एक गुणाकार केलेला नाही. किंवा केला आणि लपवला, आणि ते जास्त वाईट.

शेअर एवढे वाढले कसे, हेही मावशीला सांगितलं. २००७ मध्ये सुझलॉनने रीपॉवर ही जर्मन कंपनी घेतली, त्यासाठी मोठं कर्ज काढलं. अमेरिकेत पुरवलेल्या पात्यांना तडे जाण्याचं प्रकरण झालं. जागतिक मंदी आली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये परदेशी रोख्यांचे वीस कोटी डॉलरहून जास्त पैसे कंपनी फेडू शकली नाही. पुढे कर्जाची पुनर्रचना झाली, कर्जाच्या बदल्यात शेअर गेले, नवे शेअर काढून भांडवल उभं केलं. २०२० मध्ये भाव दोन रुपयांच्याही खाली आला. २०२२ च्या राइट्स इश्यूमध्ये, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरांच्या विक्रीत, पाच रुपयांना एक अशा दराने २४० कोटी शेअर निघाले. या सगळ्यातून कंपनी तरली, कर्जातून बाहेर आली आणि २०२४-२५ मध्ये दोन हजार कोटींहून जास्त नफा तिने दाखवला. हे मान्यच करायला हवं, तिथल्या लोकांनी चिवटपणे काम केलं. पण कंपनी वाचणं वेगळं आणि २००८ मध्ये शेअर घेतलेल्या माणसाचे पैसे वाचणं वेगळं. त्या माणसाचा कंपनीतला हिस्सा नऊपट पातळ झालाय. त्याला साडेचारशेची आशा दाखवून कोणी आज आणखी शेअर घ्यायला लावत असेल तर मला त्याचा संताप येतो.

आता ‘ऊन फुकट, म्हणून सगळी कमाई नफा’. याच न्यायाने पाऊस फुकट आहे, म्हणून धरण फुकट म्हणायचं का? कोळशाच्या वीज केंद्राला रोज कोळसा विकत घ्यावा लागतो, सौर प्रकल्पाला नाही, एवढं बरोबर. पण सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो, आणि तो बहुतेक कर्ज काढून होतो. एक ढोबळ हिशेब मांडतो. समजा एक मेगावॉट उभारायला चार कोटी लागले, त्यातले तीन कोटी कर्ज, ९ टक्क्यांनी, अठरा वर्षांत फेडायचं. चांगल्या उन्हाच्या जागी एक मेगावॉटमधून वर्षाला बावीस लाख युनिट निघतात असं धरू. अडीच रुपये दराने आले ५५ लाख. पहिल्या वर्षीचं व्याज २७ लाख, मुद्दलाचा हप्ता १६-१७ लाख, पॅनल धुणं, राखण, दुरुस्ती, विमा मिळून पाचेक लाख. हातात उरले सहा-सात लाख, स्वतःच्या एक कोटीवर. कर कापायचा बाकी आहे. व्याज जसं कमी होईल तसा पुढे आकडा सुधारतो, म्हणून हा धंदा चालतो आणि चांगला चालवला तर टिकतोही. पण ‘सगळी कमाई नफा’ कुठे आणि ५५ लाखांतले सहा-सात कुठे! व्याजदर एक टक्का वर गेला की यातले तीन लाख गेले.

माझं खोटं वाटत असेल तर सौर आणि पवन वीज विकणाऱ्या एनटीपीसी ग्रीनचं आयपीओचं, म्हणजे पहिल्या जाहीर शेअरविक्रीचं, माहितीपत्रक बघा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने १०८ रुपये भावाने १०,००० कोटी उभारले. त्यातले ७,५०० कोटी कशासाठी? उपकंपनीच्या कर्जाची परतफेड करण्यासाठी. पाठीशी एनटीपीसीसारखी सरकारी कंपनी असताना लोकांकडून घेतलेल्या दर चार रुपयांतले तीन रुपये कर्ज उतरवायला गेले. यात लबाडी काही नाही, कंपनीने स्वतः छापून सांगितलंय. धंदाच असा भांडवलखाऊ आहे. उन्हाला बिल येत नाही, व्याजाला येतं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पॅनल प्रचंड स्वस्त झाले हे खरं, पण त्याचा फायदा गेला कुणाकडे? २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात दर युनिटला बारा रुपयांच्या आसपास होता. २०१७ मध्ये राजस्थानात भाडलाला तो २ रुपये ४४ पैशांवर आला, २०२० च्या डिसेंबरमध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. लिलावात जो सगळ्यात कमी दर बोलतो त्याला काम मिळतं, त्यामुळे स्वस्ताई जवळपास सगळीच्या सगळी वीज घेणाऱ्याच्या खिशात गेली. देश म्हणून हे उत्तमच झालं. भागधारक म्हणून उत्तम झालं का, हा निराळा प्रश्न. २०१५ मध्ये आंध्रातल्या ५०० मेगावॉटसाठी सनएडिसनने ४ रुपये ६३ पैसे बोली लावून विक्रम केला. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिची अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली.

‘सरकारी करार, म्हणून एफडीपेक्षा सुरक्षित’. इथे अर्धं खरं आहे. पंचवीस वर्षांचा वीज खरेदी करार ही मोठी गोष्ट आहे. त्याशिवाय या प्रकल्पांना बँका दारात उभं करणार नाहीत. पण कराराच्या पलीकडच्या टोकाला शेवटी राज्यांच्या वितरण कंपन्या असतात, आणि त्यांचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. २०२२ च्या जूनमध्ये वीजनिर्मिती कंपन्यांची त्यांच्याकडची थकबाकी सुमारे १.४ लाख कोटी रुपये होती. त्यानंतर विलंब अधिभाराचे, म्हणजे उशिरा पैसे दिल्यास लागणाऱ्या जादा आकाराचे, नवे नियम आले, हप्ते बांधून दिले आणि ती बरीच उतरली. सुधारणा झाली, मान्य.

पण आंध्र आठवा. २०१९ मध्ये तिथे सरकार बदललं आणि जुलैमध्ये नव्या सरकारने सह्या झालेले पवन आणि सौर करार पुन्हा उघडायला समिती नेमली. दर जास्त आहेत, कमी करा, म्हणून. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. तोवर त्यांना पैसे मिळत होते ते अडीच रुपयांच्या आतल्या अंतरिम दराने, करारात लिहिलेला दर काहीही असो. निकाल लागला २०२२ च्या मार्चमध्ये, कंपन्यांच्या बाजूने: करारातल्या दरानेच पैसे द्या, थकबाकी सहा आठवड्यांत चुकती करा. करार जिंकला, पण पावणेतीन वर्षांनी. बँकेचा हप्ता तोवर थांबत नाही. हे माहीत असूनही कोणाला या धंद्यात पैसे घालायचे असतील तर त्याने खुशाल घालावेत. मावशीला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला ‘एफडीपेक्षा सुरक्षित’ एवढंच सांगितलं होतं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. शेअरला शून्य.

पाचशे गीगावॉटबद्दल. उद्दिष्ट खरं आहे, २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केलेलं. कामही वेगाने चाललंय. २०२५ च्या जुलैत देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतली निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू न जाळणारी, झाल्याचं सरकारने सांगितलं, ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी. मला त्याचा मनापासून आनंद आहे, म्हणून तर हे लिहितोय. या क्षेत्राचं नाव पुढे करून कोणी म्हाताऱ्या माणसांना फसवलं की उद्या तीच माणसं सौरऊर्जेलाच नावं ठेवतात. पण क्षमता म्हणजे तयार झालेली वीज नव्हे. २०२४-२५ मध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशाचीच होती. पाचशेच्या आकड्यात मोठे जलविद्युत प्रकल्प आणि अणुऊर्जाही धरली आहे. आणि ते देशाचं उद्दिष्ट आहे, कुठल्या एका कंपनीच्या नफ्याचं नाही.

प्रकल्प उभा राहिला म्हणजे वीज विकली गेली असंही नाही. २०२५ मध्ये चाळीस गीगावॉटहून जास्त प्रकल्प असे होते की लिलाव झाला, विजेता ठरला, पण वीज घ्यायला राज्यं सह्या करीनात. दुपारी सौर वीज भरपूर आणि हवी असते संध्याकाळी, म्हणून राज्यं आता साठवणुकीसकट वीज मागतात. पारेषण वाहिन्यांचीही रड आहे. राजस्थानात वाहिन्या अपुऱ्या पडल्या म्हणून चालू प्रकल्पांची वीज कमी करायला लावली गेली. त्यातच २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी राजस्थान आणि गुजरातच्या मोठ्या पट्ट्यात उच्चदाबाच्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला सांगितलं. ऐन सौर पट्ट्यातल्या प्रकल्पांचं वेळापत्रक आणि खर्च दोन्ही त्यामुळे अडले. २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. माळढोक वाचायलाच हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ‘दहापट होणारच’ मधला ‘च’ लिहिताना या गोष्टी कुठे धरल्या?

इरेडा ३२ चा ३१० झाला हे खरं, आयपीओपासून आठ महिन्यांत, २०२४ च्या जुलैपर्यंत. पण त्यानंतरच्या वर्षात भाव त्याच्या निम्म्यावर आला, हे मेसेजमध्ये नाही. आणि इरेडा वीज बनवत नाही, वीज बनवणाऱ्यांना कर्ज देते. पवनचक्क्या विकणारी, वीज विकणारी आणि कर्ज देणारी, अशा तीन वेगळ्या धंद्यांची एकाच ओळीत मोट बांधली आहे.

‘आत्ता नाही तर कधीच नाही’ याला एवढंच उत्तर: एनटीपीसी ग्रीनचा शेअर बाजारात नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांत दीडशेच्या वर गेला, तेव्हाही असेच मेसेज फिरत होते. नोंदणीला तीन महिने होईपर्यंत तो शंभराच्या खाली मिळत होता.

मावशीने सगळं ऐकून घेतलं, वहीत आकडे लिहून घेतले. शेवटी म्हणाली, "ग्रुपवर काय लिहू रे? तिघी विचारतायत." मी म्हटलं, फक्त शेअरची संख्या लिही. तिने लिहिलं: ‘तेव्हा १५० कोटी शेअर होते, आता १,३६० कोटी आहेत. मग भाव तोच कसा येईल?’ एकीने लगेच तिला फोन करून विचारलं, हे कुठे बघायचं असतं. एफडी अठरा तारखेला एक वर्षासाठी पुन्हा ठेवायची असं ठरलंय.