‘तुटलेला विश्वास पुन्हा बसत नाही’ या म्हणण्याला उत्तर

प्रेमात फसवणूक झालेल्यांना उद्देशून लिहिलेला एक मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. तुटलेले हृदय सांधत नाही, विश्वास आयुष्यात एकदाच बसतो, फसलात तो आंधळेपणा तुमचाच आणि यापुढे कुणावरही विश्वास न ठेवणे हेच शहाणपण, असे त्याचे सांगणे आहे. ज्यांची जखम ताजी आहे त्यांना हे सहज पटते, म्हणूनच ते खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

आधी हृदयाविषयी. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा खरोखरच दुबळा होऊन फुगू शकतो. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये या विकाराला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले. तो क्वचित जिवावरही बेततो, पण उपचार मिळालेल्या बहुतेक रुग्णांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रेमभंग झालेल्या 15 जणांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. नकाराला जितके अधिक दिवस लोटलेले, तितकी आसक्तीशी निगडित भागातली हालचाल कमी, असे त्यात आढळले. नमुना लहान आहे, तरीही त्याचा रोख ‘कायमचे’ या शब्दाच्या विरुद्धच जातो.

विश्वास एकदाच बसतो, हेही खरे नाही. साखरपुडा झाल्यावर होणाऱ्या नवऱ्याचे दुसरीकडे संबंध आहेत, हे माझ्या एका मैत्रिणीला त्याच्याच फोनवरून कळले. त्यानंतर सख्ख्या भावाने ‘पोहोचलो’ असे कळवले, तरी ती फोन लावून खात्री करून घेई. पुढे ओळख झालेल्या एकाने उशीर होणार असेल तर आधी सांगितले, तिने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी न चिडता उत्तर दिले, आणि अशा पडताळून पाहता येणाऱ्या गोष्टींमधून तिचा विश्वास हळूहळू बसत गेला.

आंधळेपणाचा आरोप तर सरळ अन्यायाचा आहे, कारण दुहेरी आयुष्य जगणारा माणूस ते लपवण्यासाठी मेहनत घेत असतो आणि खोटे बोलण्याचा दोष बोलणाऱ्याचाच असतो. ‘मी तेव्हाच सांगत होते’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनीही हे लक्षात घ्यावे.

उरला तो कुणावरच विश्वास न ठेवण्याचा सल्ला. एकटे राहणे ही कुणाची विचारपूर्वक केलेली निवड असू शकते आणि तिचा मान राखलाच पाहिजे. मात्र भीतीपोटी मित्रमैत्रिणी, भावंडे यांनाही दूर लोटले, तर सावरायला लागणारा आधारच हातचा जातो. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.