हिरवा आहे का पिवळा?

आमच्या घरात खाजगी असं काही नाहीच, कफसुद्धा नाही. ग्वाल्हेरची थंडी एकदा पडली की लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात सकाळी पहिला आवाज माझ्या खाकरण्याचा, आणि बेसिनमध्ये काय पडलं हे मी बघायच्या आत मागून आत्या, "रंग कोणता रे?" जसं काही भिंती रंगवायच्यात आणि शेडकार्ड माझ्या घशात आहे!

आत्याच्या मते पिवळा म्हणजे मुरैन्याची गजक (तिळगुळाची कुरकुरीत मिठाई), हिरवा म्हणजे रात्रीचं दही. काकांच्या मते हिरवा म्हणजे डायरेक्ट अँटिबायोटिक, बाड्यावरच्या, म्हणजे चौकातल्या, मेडिकलमधून घेऊन ये, डॉक्टरला कशाला पैसे देऊन राहिलास. वरच्या भाडेकरूंचं आपलं एकच, "भैया, छाती में जम गया है."

शेवटी गेलो डॉक्टरकडे, काका सोबत (न बोलावता). डॉक्टरांना रंगाचं काही कौतुकच नाही हो! म्हणाले, हिरवेपणा तुमच्याच पांढऱ्या पेशींचा, त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहवालं हिरवं एन्झाइम असतं, त्या लढायला गोळा झाल्या की कफ रंगतो, मग समोर व्हायरस असो का बॅक्टेरिया, नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक देत नसतात. आणि सकाळीच का, तर रात्रभर आडवे असता, नाका-सायनसमधलं मागच्या मागे घशात उतरतं, साचतं, घट्ट होतं, म्हणून पहिला बेडका सगळ्यात गडद. माझं तेच निघालं. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, बस.

मग त्यांनी विचारलं, ताप? वजन उतरलं? कफात रक्त? खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर टीबीची तपासणी करायचीच. मी सगळ्याला नाही म्हटलं. बिडी-सिगरेट? इथे काका भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचायला लागले.

काका गच्चीवर कपडे वाळले का बघायला जातात, दिवसातून कितीदा तरी, आणि त्यांचा "थंडीचा खोकला" होळी होऊन गेली तरी चालू असतो. डॉक्टरांनी मला सोडून त्यांचीच छाती तपासली. म्हणे श्वासनळीतले बारीक केस कफ वर ढकलतात, धुराने ते लुळे पडतात. आणि वर्षात 3 महिने कफाचा खोकला, असं सलग 2 वर्षं, की त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतात. मशीनमध्ये फुंकायची टेस्ट लिहून दिली.

आता काका घरभर सांगत फिरतायत, मला काही नाही झालं, डॉक्टरांनी नुसतं फुंकायला सांगितलंय.